सहा तास एक्केचाळीस मिनिटं

१

श्रुतिघराच्या कारभारात विनिताचं काम सगळ्यात कमी दिसणारं, आणि तिला ते तसंच बरं वाटायचं. नौपाड्यात, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत महेंद्र सर आणि त्यांचा फोन, मागच्या खोलीत सर्व्हर, एसी आणि विनिता. खालून दिवसभर दात कोरण्याचा आवाज यायचा. नवीन माणूस दचकायचा. विनिताला तो ऐकू येणं केव्हाच बंद झालं होतं.

ज्यांना दिसत नाही अशा चारशे माणसांच्या घरी श्रुतिघराने एकेक डबा दिलेला होता. ठाणे, कल्याण, डोंबिवली, पार कसाऱ्याच्या वाटेवरच्या गावांपर्यंत. डब्यावर एक मोठं गोल बटण. दाबलं की पुस्तक सुरू, पुन्हा दाबलं की थांबायचं. डबा पुढचं मागत राहायचा आणि नौपाड्यातला सर्व्हर थोडं थोडं पाठवत राहायचा.

एका वेळी चौसष्ट जणांना पाठवायची सोय होती. या कामाला प्रोग्रामर लोक थ्रेड म्हणतात, विनिता वाढपी म्हणायची. कुणी विचारलं की ती सांगायची, "एकेका पानासमोर एकेक वाढपी उभा. आता एखादा पाहुणा जेवतही नाही आणि उठतही नाही, तर तो वाढपी तिथेच खोळंबला. असे पन्नास खोळंबले की बाहेरच्यांनी जेवायचं कधी?"

म्हणून रोज सकाळी सव्वादहाला विनिता अडकलेले वाढपी सोडवायची. कुठे वीज गेलेली असायची, कुठे नातवाने वायर उपटलेली. सोडवायची रीत ठरलेली होती. आधी डब्याला कळवायचं की माझ्याकडून वाढून झालं. डबा पानात उरलेलं संपवतो आणि 'झालं' असं कळवतो. मग वाढपी हातातलं भांडं जागेवर ठेवून आपणहून परत येतो. डबा मेलेलाच असेल तर तीस सेकंद वाट पाहून येतो. पण त्याला मध्येच दंडाला धरून ओढायचं नाही, कारण त्याच्या हातात सगळ्यांचं भांडं असू शकतं.

हे शहाणपण फुकट आलेलं नव्हतं. गेल्या वर्षी घाईघाईत तिने एकाला ओढलं होतं. पुस्तकांची यादी नेमकी त्याच्याच हातात होती, ती तशीच अडकली आणि दिवसभर चारशे घरांत चिडीचूप झालं. संध्याकाळी कोलशेतहून एका आजींचा फोन आला. "माझं काही चुकलं का गं? कुणी बोलतच नाही माझ्याशी." विनिताने फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडली. तेव्हापासून ओढाओढी बंद.

२

त्या सोमवारी यादीत एकच डबा होता. दोनशे सतरा नंबर, खडवली. शुक्रवारपासून अडकलेला, मध्ये शनिवार-रविवारची सुट्टी. कनेक्शन जिवंत, डबा चालू, फक्त पुढचं घेत नव्हता. म्हणजे कुणीतरी बटण दाबून पुस्तक थांबवलं होतं आणि विसरलं होतं. नेहमीचंच.

सोडवण्याआधी तिने सवयीने पाहिलं, पुस्तक कुठे थांबलंय. पुन्हा लावलं की तिथूनच सुरू व्हावं म्हणून ती तेवढं टिपून ठेवायची. सहा तास एक्केचाळीस मिनिटं.

तिने लिहिलं, आणि मग पेन तसंच धरून बसली.

पुस्तक होतं एका जुन्या बोटीच्या कप्तानाच्या आठवणींचं. वाचत होत्या नीलाताई टिपणीस, डोंबिवलीच्या. वाचून होईल तसं सर्व्हरवर चढवायचं असं चाललं होतं. दर गुरुवारी संध्याकाळी विनिता त्यांच्याकडे जाऊन आठवड्याचं रेकॉर्डिंग घेऊन यायची. गेल्या गुरुवारपर्यंतचं सगळं मिळून भरलं होतं पाच तास दहा मिनिटं. त्यापुढे काही नव्हतंच.

घड्याळ चुकलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मग डब्याने किती घेतलं ते सोडून सर्व्हरने किती दिलं ते काढलं. तेही तेवढंच. दीड तासाचं जास्त, कुठल्याही फाइलमध्ये नसलेलं, वाढप्याने खडवलीला वाढलं होतं. तिने फाइल उघडून शेवटपर्यंत ऐकली. पाच तास दहा मिनिटांनी नीलाताई म्हणाल्या, "आज इतकंच," आणि टक् करून बंद.

"सर, एक गंमत बघा ना," ती बाहेर येऊन म्हणाली.

महेंद्र सरांनी ऐकून घेतलं. भला माणूस, पण आकड्यांशी त्यांचं कधी जमलं नाही. "अगं, पॉज करून झोपला असेल म्हातारा. आकड्यांचं काय एवढं? काढून टाक."

"फोन करून बघते आधी."

"कर बाई. तुझं समाधान होऊ दे."

३

फोन मंजुळा नावाच्या बाईने उचलला. डबा तिच्या सासऱ्यांचा, विठ्ठलरावांचा. रेल्वेत गँगमन होते, साखरेने डोळे गेले. "देते हां," म्हणून तिने हाक मारली. मग बराच वेळ कोंबड्यांचा आवाज आणि काठीची टकटक.

"बोला ताई."

"नमस्कार आजोबा, श्रुतिघरातून बोलतेय. तुमचं पुस्तक शुक्रवारपासून थांबलंय. डबा बिघडलाय का?"

"डबा बेस हाय. मीच थांबवलाय."

"आवडलं नाही का?"

"तसा नाय ओ." ते घुटमळले. "पुढं ऐकवंना. बाई वाचता वाचता मधीच थांबल्या. दम लागल्यासारखा झाला त्यांना. मंग दार वाजला. बाई म्हनल्या, विनिता, तू? ये, ये, दार लोटलेलंच आहे. येवढा बोलल्या आन्..."

विनिताने आपलं नाव सांगितलं नव्हतं. श्रुतिघरातली कुणीतरी, एवढंच.

"आणि?"

"आन् मी बटन दाबला. आमची म्हातारी गेली तवा असाच दम लागला होता तिला. मना माहीत हाय तो आवाज."

दातांच्या दवाखान्यातला आवाज विनिताला कितीतरी महिन्यांनी ऐकू आला. "आजोबा," ती म्हणाली, "तो भाग बाईंनी अजून वाचलेलाच नाहीये."

विठ्ठलराव म्हणाले, "मंग बरा झाला दाबला ते. तुमी बंद नका करू, ताई. मी बी बटनावर हात ठेवून बसतो, उचलत नाय."

४

इथे एक सांगायला हवं. नीलाताई विनिताच्या शाळेतल्या मराठीच्या बाई. विनिता आठवीत असताना तिची आई कल्याणच्या हॉस्पिटलात वारली. त्या वेळी वॉर्डात आईजवळ कुणीच नव्हतं. वडील औषध आणायला खाली उतरले होते आणि विनिता वर्गात कविता पाठ म्हणत होती. पुढची दोन वर्षं ती दुपारची बाईंच्या घरी जेवली. बाईंना मूलबाळ नव्हतं, नवराही आता राहिला नव्हता. श्रुतिघरासाठी वाचायला तिनेच त्यांना ओढलं होतं.

मंगळवारी ती अर्धी रजा टाकून डोंबिवलीला गेली. बाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. हृदयाची झडप खराब होती, या वयात कापाकापी नको असं डॉक्टरांचं मत पडलं होतं आणि लिफ्ट नसल्यामुळे सहा महिन्यांत त्या खाली उतरल्या नव्हत्या.

वाचायची खोली बाईंनी स्वतः सजवली होती. खिडकीवर दोन गोधड्या, भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून स्वयंपाकघरात हद्दपार, फोनही तिकडेच. टेबलावर रेकॉर्डर, त्यात कार्ड. इंटरनेटच्या भानगडीत त्या पडत नसत. दुपारी दोनच्या सुमाराला बिल्डिंग झोपली की वाचायला बसायचं. विनिताला ही खोली आवडायची. त्या दिवशी मात्र तिथे बसल्यावर तिला वाटलं, इथे शांतता जरा जास्तच आहे. कुणी बोलणार म्हणून खूप माणसं एकदम गप्प व्हावीत, तशी.

"किती झालं वाचून?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

बाईंनी वही पाहिली. "पाच दिवसांत पासष्ट मिनिटं. पूर्वी एका बैठकीत तासभर वाचायचे गं. आता तेरा-चौदा मिनिटांत भाता रिकामा."

म्हणजे सहा तास पंधरा. उद्या सहा अठ्ठावीस-एकोणतीस. परवा, गुरुवारी, एक्केचाळीस.

"बाई, थोडे दिवस नका वाचू. आराम करा."

"आणि कप्तानाला भर समुद्रात सोडू? चारशे माणसं वाट बघतायत त्याची."

"मी दुसरं कुणीतरी बघते वाचायला."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलीकडे पाहायच्या तसं. "काय झालंय तुला? माझ्या मरणाची स्वप्नं पडतायत का?" आणि हसल्या. हसताना दम लागला, म्हणून थांबल्या. "हे बघ, मरायला मी घाबरत नाही. खरंच नाही. रात्री जाग येते तेव्हा एकाच गोष्टीने धस्स होतं. मी जाईन तेव्हा इथे कुणी नसेल, आणि दोन दिवसांनी दूधवाला बेल वाजवून वाजवून दमेल. तेवढं नको वाटतं बघ."

विनिताने त्यांचा हात धरला. गुरुवारी वाचू नका, एवढं मात्र तिने हट्टाने कबूल करून घेतलं. बाई "बरं बाई, नाही वाचत" म्हणाल्या, आणि त्या किती सहज म्हणाल्या यावरूनच तिला कळलं की ऐकणार नाहीत.

५

बुधवारी सकाळी यादीत एक्केचाळीस डबे होते.

कोलशेत, टिटवाळा, कल्याण, वाशिंद. एकमेकांना न ओळखणारी एक्केचाळीस माणसं, आणि सगळ्यांची पुस्तकं त्याच मिनिटावर थांबलेली. विनिताने तिघांना फोन लावले. दोघांनी उचलले नाहीत. तिसरी कोलशेतची अक्षदा, पंचविशीतली, जन्मापासून न दिसणारी आणि जिभेने तिखट.

"हो मॅडम, पॉज केलंय. का ते मलाच कळत नाहीये यार," ती म्हणाली. तिच्या आवाजात तिखटपणा औषधालाही नव्हता. "ऑफिसला जायचंय, पण बटणावरचा अंगठा उचलवत नाही. आईने तसंच भरवलं मला सकाळी. वेड्यासारखं वाटतंय ना?"

"नाही," विनिता म्हणाली. "नाही गं."

अकरा वाजता महेंद्र सर दारात उभे राहिले. सकाळपासून त्यांचा फोन खणखणत होता. "विनिता, लोकांना पुस्तकं मिळत नाहीयेत. ताटकळलीत माणसं. सोडव ना ते अडकलेले."

"उद्यापर्यंत थांबू या, सर."

"उद्या काय आहे?"

तिने मान खाली घालून काम सुरू केलं. स्वतःशी म्हणाली, हा बिघाड आहे. म्हातारे घाबरले, मुलगी घाबरली, मीही घाबरले. बिघाड आहे तर रीतीने सोडवू. तिने दोनशे सतराला कळवलं, माझ्याकडून वाढून झालं. आणि तीस सेकंद मोजायला लागली.

डब्याला दोनच शब्द येत होते. 'दे' आणि 'झालं'. ते तिने स्वतः लिहिले होते, चार वर्षांपूर्वी, याच खुर्चीत बसून. एकोणिसाव्या सेकंदाला उत्तर आलं.

थांबा.

तिने पुन्हा वाचलं. मग बाकीच्या चाळीस डब्यांकडून, काही न कळवताच, एकाखाली एक तोच शब्द येत गेला. थांबा. थांबा. थांबा. स्क्रीन भरून वर सरकायला लागली तेव्हा विनिताने खुर्ची मागे ढकलली. ओढून काढायचे तर एक्केचाळीस वेळा एक बटण दाबायचं, दोन मिनिटांचं काम. तिला कोलशेतच्या त्या आजी आठवल्या. कुणी बोलतच नाही माझ्याशी. तिने हात मांडीवर ठेवले आणि संध्याकाळपर्यंत कशाला लावले नाहीत.

६

गुरुवारी जायचंच नाही, असं तिने रात्रीच ठरवलं होतं. हिशोब साधा होता. ती गेली नाही, दार वाजलं नाही, तर बाई ते वाक्य म्हणणार नाहीत. वाक्य नाही तर त्याच्या पुढचंही काही नाही. सकाळभर ती हे स्वतःला पटवत राहिली आणि ते जवळजवळ पटलंही.

बारा वाजता चौसष्टावा डबा थांबला. आता सर्व्हरमध्ये एकही वाढपी मोकळा नव्हता. सगळे उभे होते, भरल्या भांड्यांनिशी, आणि समोर कुणी घास उचलत नव्हतं. पंखे फिरत होते तेवढाच आवाज. विनिता त्या चौसष्ट ओळींकडे बघत बसली, आणि तिला पहिल्यांदाच त्या माणसांची भीती वाटेनाशी झाली. ही माणसं बाईंना धरून उभी होती. कितीही वेळ उभी राहिली असती बिचारी. पण अंगठे कधीतरी दुखणार.

आणि मग तिला तो राहिलेला बारीकसा मुद्दा दिसला. विठ्ठलरावांनी काय सांगितलं होतं? दम आधी लागला. दार मग वाजलं.

तिने बाईंना फोन लावला. वाजत राहिला. फोन स्वयंपाकघरात होता, म्हणजे बाई वाचायच्या तयारीला लागल्या होत्या.

"सर, मी जातेय."

"आत्ता? अगं आणि हे?"

"त्यांना कुणी हात लावू नका," ती जिना उतरताना ओरडली. "ओढू नका, सर. पाया पडते."

७

तिसऱ्या मजल्यावर ती पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते. बिल्डिंग झोपली होती. दार लोटलेलं, आणि आतून, दोन दारांच्या पलीकडून, बाईंचा आवाज. स्वच्छ, प्रत्येक अक्षर धुऊन ठेवल्यासारखं. विनिताने दाराकडे नेलेला हात तसाच धरला.

अजूनही आशा सुटत नव्हती. न वाजवता उभी राहिले तर? बाई तेरा मिनिटं वाचतील, 'आज इतकंच' म्हणतील, रेकॉर्डर बंद करतील. मग मी वाजवेन. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली.

"...पहाटेचा वारा पडला होता. माणसं दमलेली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. रत्नागिरीचा दिवा डाव्या हाताला ठेवून आम्ही..."

आवाज थांबला.

पान उलटत असतील. पाणी पीत असतील. मग तिला ते ऐकू आलं, हवा आत ओढायचा प्रयत्न, एकदा, पुन्हा एकदा. दार वाजलं नव्हतं. कुणी आलं नव्हतं. तरीही ते आलंच होतं.

तिने दार वाजवलं. आत धावत जाता आलं असतं, पण तिने वाजवलं. कुणीतरी आलंय हे बाईंना आधी कळावं असं तिला वाटलं.

"विनिता, तू?" बाईंच्या आवाजात इतका आनंद होता की तिचे डोळेच भरून आले. "ये, ये, दार लोटलेलंच आहे."

बाई खुर्चीत एका बाजूला कलल्या होत्या. चेहरा राखाडी, ओठ निळसर, पण डोळे हसरे. विनिताने एका हाताने त्यांना सावरलं, दुसऱ्या हाताने स्वतःच्या मोबाइलवरून अॅम्ब्युलन्सला पत्ता सांगितला, मजला सांगितला, लिफ्ट नाही तेही सांगितलं. मग ती खुर्ची ओढून त्यांना चिकटून बसली आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. गार होता.

"येतायत हं, बाई. पंधरा मिनिटं."

बाईंनी मान हलवली. बोलायला हवा नव्हती. त्यांनी मोकळ्या हाताचं बोट पुस्तकावर ठेवलं, अर्ध्या वाक्यावर, आणि विनिताकडे पाहिलं. रेकॉर्डरचा लाल दिवा चालूच होता.

"आत्ता?"

बोट हललं नाही.

टेबलावर बाईंचे हेडफोन पडले होते. रेकॉर्डर कशालाच जोडलेला नव्हता. घरात वायर नव्हती, इंटरनेट नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? तरी हेडफोनमधून काहीतरी येत होतं. तिने वाकून कान जवळ नेला. श्वास होते. खूप जणांचे, दबलेले, वेगवेगळ्या वयांचे, जवळजवळ बसलेल्या माणसांचे. कुठेतरी कोंबडी बोलली. आणि मग एक म्हातारा आवाज, अगदी हळू, घरातल्या माणसाने सांगावं तसा.

"वाचा ताई. आमी हाव."

विनिताला वाचता येत नव्हतं असं नाही, पण तिचा आवाज जाडाभरडा होता, आणि त्यात आता रडू होतं. ती वाचायला लागली. "...आम्ही बोट हळू केली. घाई कसलीच नव्हती. किनारा दिसत होता..." तिच्या हातातल्या हाताने तिचा हात एकदा दाबला. घट्ट, शाबासकी दिल्यासारखा. मग सैल झाला.

तिने बोटं सोडली नाहीत. एक ओळ झाली, दुसरी झाली. जिन्यात खाली पावलं वाजायला लागली होती, कुणीतरी स्ट्रेचर वळवा म्हणून ओरडत होतं. विनिता वाचत राहिली, स्वल्पविरामांवर थांबत, बाईंनी शिकवलं होतं तशी. पान संपेपर्यंत तिने शेजारी पाहिलं नाही.